सूर्यकन्येच्या पात्रातलं बेट

कोकणात गेलं की आपण संध्याकाळी किनाऱ्यावर बसतो आणि सूर्य बुडताना बघतो. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे पाण्यातून वर येणारा सूर्य महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिसतच नाही. त्यासाठी लोक पुरी गाठतात, कन्याकुमारी गाठतात, पैसे साठवून अंदमानला जातात. मी जळगावची. आमच्याकडून सगळ्यांत जवळचा समुद्र म्हणजे सुरतेकडचा, आणि तोही पश्चिमेलाच. पण चहूकडून पाणी असलेल्या बेटावर, ओल्या वाळूत उभं राहून सूर्योदय बघायचा असेल, तर आम्हा खान्देशवाल्यांना तो भुसावळपासून तासाभराच्या वाटेवर मिळतो. हे आमच्याच लोकांना फारसं माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ठिकाण आहे मुक्ताईनगर तालुक्यातलं चांगदेव. इथे तापी आणि पूर्णा एकमेकींना भेटतात. तापी बऱ्हाणपूरकडून, म्हणजे ईशान्येकडून येते. पूर्णा अकोला-बुलढाण्याचा मुलूख ओलांडून आग्नेयेच्या अंगाने येते. संगमाच्या खाली हतनूर धरण आहे. पावसाळ्यात ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ ही बातमी दरवर्षी येते, तेच हे धरण. दोन्ही नद्या डोंगराकडून आणि काळ्या रानातून अफाट गाळ घेऊन येतात आणि धरणाच्या फुगवट्यात पाणी संथ झालं की तो खाली बसतो. भुसावळचं औष्णिक वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी, आजूबाजूची गावं, कालव्याखालची शेती, सगळे याच पाण्यावर. हिवाळा सरता सरता पाणी खाली जायला लागतं आणि पात्रातले उंचवटे एकेक करून डोकं वर काढतात. पावसाळ्यात नसलेली बेटं फेब्रुवारीत तयार असतात.

आत्याचं सासर याच भागात, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. मी आणि धाकटा भाऊ आदल्या रात्रीच पोचलो. यंदा थंडी लांबली, केळीला चरका बसला, घड नीट भरले नाहीत, अशी काळजीची बोलणी अंगणात चालली होती. केळी म्हणजे या पट्ट्याचा जीव. रावेर, यावल, मुक्ताईनगर या तालुक्यांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. रात्री त्या बागांतून येणारा गारवा घराच्या भिंतींपर्यंत पोचतो. आत्याने आम्हाला दोन-दोन गोधड्या दिल्या आणि पहाटे चहा करून द्यायला स्वतः उठली.

होडीवाले नाना काठावर उभे होते. जातीचे भोई, सारा जन्म या पाण्यावर गेलेला. अंधार होता, पाण्यावरून वाफ उठत होती आणि काठाची माती पायाखाली भुसभुशीत लागत होती. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीला पावसाने मोठमोठ्या घळी पडतात, त्यातल्याच एका घळीतून आम्ही खाली उतरलो. होडी साधी, लाकडी, तळाशी थोडं पाणी साचलेलं. नाना वल्हं मारत होते आणि मधूनच रात्री लावलेल्या जाळ्याचे तरंगते ठोकळे चुकवत होते. मी विचारलं, बेट किती दिवस राहतं?

“आता पानी उतरू राह्यलं ताई. होयीपर्यंत हे समदं मोकयं व्हईन. मंग पाऊस आला का पुन्हा पान्यात.”

थोडं थांबून म्हणाले, “हे बेट नाई, आमच्या आजाचं शेत हाये.”

धरण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झालं आणि नदीकाठची शेतं बुडिताखाली गेली. ज्या उंचवट्यावर आम्ही उतरणार होतो तिथे नानांच्या आजोबांची ज्वारी व्हायची. ते हे सांगत होते तेव्हा आवाजात तक्रार नव्हती, पण वल्हं थांबलं होतं. मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. भाऊही गप्प होता.

बेटावर उतरल्यावर पहिल्यांदा लक्ष गेलं ते पायांखाली. वर करडी बारीक वाळू, चार बोटं उकरलं की काळा चिकट गाळ. पाण्याच्या रेषेवर शिंपल्यांचा खच, त्यात गोगलगायींचे पांढरे पडलेले शंख आणि पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या गारगोट्या. काही गारगोट्या मधासारख्या रंगाच्या, उजेडाला धरल्या तर आरपार दिसणाऱ्या. आपला सारा दख्खनचा दगड लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक आणि स्फटिक नदी लाखो वर्षं सोडवून आणते आहे.

सातच्या सुमारास पूर्वेला पाणी तांबूस व्हायला लागलं. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे तो पूर्णेच्या बाजूने उगवतो. उन्हाळ्याकडे जाताना हळूहळू सरकत तापीच्या अंगाला येतो. आम्ही गेलो तेव्हा तो पूर्णेवर होता. आधी नुसती रेषा, मग कड, मग एका दमात अख्खा गोळा, आणि पाण्यावर त्याची लांबच लांब वाट आमच्या पायांपर्यंत. वाफ सोनेरी झाली. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग उजळली. तापीला आपल्याकडे सूर्यकन्या म्हणतात. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाणारी ही नदी रोज सकाळी बापाकडे पाठ करून समुद्राकडे निघते. त्या क्षणी मी हात जोडले. भावाने मोबाइल खिशातून काढलाच नाही, यातच सगळं आलं.

मग आवाज सुरू झाले. पलीकडच्या उथळ पाण्यात चक्रवाकांची जोडपी होती, केशरी-तांबूस, एकमेकांना सतत साद घालणारी. दूर एका पट्ट्यावर पट्टकादंब हंसांचा थवा चरत होता, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी पक्षी. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून ते हिवाळ्यात आपल्याकडे येतात. हतनूरचा जलाशय पक्ष्यांसाठी महत्त्वाचं क्षेत्र म्हणून जगभरातल्या अभ्यासकांच्या यादीत आहे. जळगाव जिल्ह्यातली पक्षीप्रेमी मंडळी वर्षानुवर्षं इथे येऊन नोंदी ठेवतात, त्यांचे उपकार मोठे. कंठेरी चिखल्या पाण्याच्या कडेने दुडुदुडु पळत होते. कवड्या धीवर एका जागी फडफडत राहून सरळ खाली सूर मारत होता, आणि नानांना मासा नक्की कुठे आहे हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं.

उन्हं वर आल्यावर बेटाला वळसा घातला. एका बाजूला हिरवा पट्टा दिसला, जवळ गेलो तर हरभरा! पाणी हटलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. पाणी द्यावं लागत नाही, खत लागत नाही, ओलीवरच पीक येतं. गहू, हरभरा, कांदा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला टरबूज-खरबुजाच्या वाड्या. हंसांनाही हा कोवळा हरभरा आवडतो, म्हणून राखणीला माणूस होडीतून येतो. त्याने आम्हाला घाटे खायला दिले. हरभऱ्याच्या आंबेने ओठ झणझणले.

परतताना मेहुणला थांबलो. संत मुक्ताबाई इथे तापीच्या काठी वीज कडाडली तेव्हा अंतर्धान पावल्या, असं वारकरी परंपरा मानते. वैशाख वद्य दशमी, शके १२१९. इकडे चांगदेव गावात चांगदेवांचं काळ्या दगडातलं जुनं देऊळ. चौदाशे वर्षांचे योगी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी वयाने लहान मुक्ताईला गुरू केलं, आणि दोघांची स्थानं एकाच पाण्यावर. पूर्वीच्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावावरून. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, दिंड्या येतात, काठ माणसांनी फुलतो. आम्ही गेलो त्या सकाळी देवळात एक म्हातारी बाई आणि आम्ही दोघंच होतो. खांबावरचं कोरीव काम हाताने चाचपून बघावंसं वाटत होतं, पण देऊळ संरक्षित आहे, म्हणून डोळ्यांनीच बघितलं.

दुपारी आत्याकडे भरीत. खान्देशात हिवाळ्यात पाहुणा आला आणि भरीत झालं नाही, असं होत नाही. बामणोदची हिरवी, मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचलेली, वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेलाची सढळ फोडणी. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आत्याच्या वाढण्यात दिसत होता. “आधी जेवा, मंग जा,” एवढंच ती म्हणत राहिली.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. भुसावळला रेल्वेने उतरून मुक्ताईनगरच्या रस्त्याने यावं. होडी गावात विचारूनच ठरवावी, स्वतः पाण्यात उतरू नये. तळ गाळाचा असल्याने पाय कुठे रुतेल सांगता येत नाही. खायचं-प्यायचं सोबत न्यावं आणि कचरा परत आणावा.

मार्चपासून मात्र बेटावर पाय ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या दिवसांत नदी सुरय आणि पाणभिंगऱ्या हे पक्षी उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच, वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची अंडी, दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. आपण चालत गेलो की एक तर ती पायाखाली जातात, नाहीतर आई उडून जाते आणि ती भर उन्हात उघडी पडतात. नदी सुरय आता जगातल्या असुरक्षित पक्ष्यांच्या यादीत आहे. उन्हाळ्यात सूर्योदय चांगदेवच्या काठावरूनही दिसतो, आणि तेव्हा तो तापीच्या बाजूने येतो. नानाही त्या दिवसांत जाळं काढायला बेटाच्या लांबून जातात.