अंगणातला कांचन

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आढळणाऱ्या रेडबडची छायाचित्रे पाहून, तसे झाड नाशिकच्या अंगणात लावता येईल का, असे परिचित मंडळी विचारतात. फांद्यांवर एकही पान नसताना, अगदी जुन्या खोडावरसुद्धा, जांभळट गुलाबी फुलांचे झुबके फुटतात आणि उंची साधारण वीस ते तीस फुटांत आटोपते. त्यामुळे तिकडे घरासमोर हे झाड आवर्जून लावतात. मात्र या बहरासाठी त्याला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीच्या काही पहाटे कितीही गारठा पडला, तरी दुपारी ऊन तापतेच. म्हणून रेडबडचा हट्ट सोडून त्याचा नातलग असलेला कांचन लावावा, असे मी आग्रहाने सांगतो. दोन्ही झाडे शिंबावर्गीय, म्हणजे कडधान्यांच्या, कुळाच्या एकाच उपकुळातील आहेत. रेडबडचे पान हृदयाकृती असते, तर कांचनाचे टोकाशी दुभंगलेले.

रोपवाटिकेत ‘कांचन’ म्हणून मिळणारे रोप नेमके कोणते, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तकांचन फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, बहुतांशी पानगळीनंतर फुलतो, आणि रेडबडची हौस खऱ्या अर्थाने तोच भागवतो. देवकांचनाला पावसाळा सरता सरता, पाने असतानाच बहर येतो. फूल समोर असेल तर ओळख सोपी आहे : रक्तकांचनाच्या पाकळ्या रुंद असून त्यात पाच पुंकेसर असतात, तर देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद, सुट्या आणि पुंकेसर बहुधा तीन. रो हाऊससमोरच्या चिंचोळ्या पट्टीत मात्र यांपैकी एकही लावू नये. तेथे झुडपासारखा वाढणारा, आठ-दहा फुटांचा पांढरा कांचन शोभतो.

आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून राहते आणि कांचनाच्या मुळांना ते सोसत नाही. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यातील मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून भरावे आणि रोपाचा बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा. कुंपणाच्या भिंतीपासून दहा फुटांचे अंतर आणि दिवसभराचे ऊन मिळाले, तर झाड डौलदार वाढते. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर ती लोहाची कमतरता समजावी. कडधान्यांच्या कुळातले झाड म्हणून त्याला खत लागत नाही, असा समज आढळतो. वस्तुतः कांचन आणि रेडबड या दोघांच्याही मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी येत नाहीत, त्यामुळे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेणखत द्यावेच.

पाण्याच्या बाबतीत आपण मायेपोटी झाडाचे नुकसान करतो. रक्तकांचन एकदा रुजला की डिसेंबर-जानेवारीत त्याचे पाणी तोडावे. थंडी आणि कोरडेपणा एकत्र आल्यावर पाने गळतात आणि बहर भरघोस येतो. लॉनच्या रोजच्या पाण्यात उभे असलेले झाड हिरवेगार राहते, पण फुले पानांआड विरळ दिसतात. छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करावी, कारण पावसाळ्यानंतर केलेली छाटणी पुढच्या फुलांच्या फांद्याच काढून टाकते.

नेमके हेच दसऱ्याला घडते. आपट्याची पाने म्हणून कांचनाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि देवकांचन तर त्याच सुमारास कळ्यांवर असतो. आपटा याच गटातला, पण त्याची पाने लहान आणि जाडसर असतात. सणासाठी पाने हवीतच तर ती मोजकी खुडावीत, फांदी मोडू नये, एवढी विनंती मी शेजाऱ्यांना दरवर्षी करतो.

रोप विकत घेण्याऐवजी बियांपासून करणेही अवघड नाही. उन्हाळ्यात रक्तकांचनाच्या शेंगा तपकिरी होताच काढाव्यात, कारण वाळल्यावर त्या तडकून बिया दूर उडतात. ताज्या बिया रात्रभर भिजवून जूनमध्ये पिशव्यांत पेराव्यात. चांगली वाढ झालेले झाड दोन-तीन वर्षांत पहिली फुले देते.