गोव्यात जनरल सर्जन शोधताना: पाटी, नोंदणी क्रमांक आणि विचारायचे प्रश्न

पित्ताशयातले खडे, हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, फिशर, थायरॉइडची किंवा स्तनातली गाठ, मधुमेहाने चिघळलेला पाय, हे सगळं जनरल सर्जनचं काम. मूतखड्याला युरोलॉजिस्ट लागतो, हाडांना ऑर्थोपेडिक. एवढं ठरलं की माणसं नाव शोधायला लागतात, आणि गोव्यात नाव मिळायला वेळ लागत नाही. म्हापशात कुणी ना कुणी सांगतो, फोंड्यात दुसरं कुणी सांगतो, लग्नाच्या पंगतीत तर तीन-चार नावं हाती येतात. यातलं सगळ्यात उपयोगी नाव फॅमिली डॉक्टरकडून मिळतं. ऑपरेशननंतर ताप आला, टाके पिकले, की पेशंट आधी त्यांच्याकडेच जातो, त्यामुळे कोणाच्या जखमा नीट भरतात हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना ‘चांगला सर्जन कोण?’ असं मोघम विचारू नका. ‘तुम्ही हर्नियासाठी पाठवलेले पेशंट परत आले तेव्हा कसे होते?’ असं विचारा. ओळखीत भूलतज्ज्ञ किंवा ऑपरेशन थिएटरातली नर्स असेल तर त्याहून उत्तम. सर्जनचा हात रोज जवळून बघणारी माणसं तीच.

नाव हाती आलं की कागद बघायचा. सर्जन चांगला आहे का, हे कागद सांगत नाही. पाटीवर लिहिलंय तोच तो आहे का, एवढं मात्र नक्की सांगतो, आणि तेवढ्यासाठी घरबसल्या पंधरा मिनिटं पुरतात.

सुरुवात नोंदणी क्रमांकापासून करा. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे 2002 चे नियम आजही लागू आहेत (2023 साली नवे आले, पण त्याच महिन्यात स्थगित झाले). या नियमांनुसार दवाखान्यात, चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर आणि पैशांच्या पावतीवर नोंदणी क्रमांक असावाच लागतो. जुनी चिठ्ठी किंवा पावती घरात असेल तर तिच्यावरच तो सापडेल. नसेल तर रिसेप्शनवर सरळ विचारा. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, आणि कुणाला वाटलाच तर तीही माहितीच समजा.

क्रमांक घेऊन राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टर उघडा. नाव, क्रमांक, राज्याचं कौन्सिल किंवा नोंदणीचं वर्ष, यातलं काहीही घालून शोधता येतं. नोंदीत वडिलांचं किंवा पतीचं नाव, कौन्सिल, नोंदणीची तारीख, एमबीबीएसचं वर्ष आणि विद्यापीठ दिसतं, आणि नोंदवली असेल तर पुढची पदवीही.

नावाने शोधायला गेलात तर गोव्यातली आडनावं हमखास घोळ घालतात. पाटीवर सरदेसाई असलेले डॉक्टर रजिस्टरात इंग्रजी स्पेलिंगच्या मध्यभागी कधी एका ‘एस’ने तर कधी दोन ‘एस’नी असतात, प्रभुदेसाई कधी एका शब्दात तर कधी दोन शब्दांत, कामतांच्या शेवटी कधी ‘एच’ असतो कधी नसतो, आणि नाईक तीन तऱ्हांनी लिहिले जातात. महिला सर्जनची नोंद बहुधा माहेरच्या आडनावाने असते, कारण एमबीबीएस लग्नाआधी झालेलं असतं. म्हणून ‘रजिस्टरात नाव नाही’ असा निकाल लावण्याआधी क्रमांकाने शोधा. क्रमांकाबरोबर कौन्सिलही निवडा. तोच क्रमांक प्रत्येक राज्यात वेगळ्या माणसाचा असतो.

कौन्सिलवरून आणखी एक गैरसमज होतो. गोवा मेडिकल कौन्सिल 1991 च्या कायद्याने झालं, त्यामुळे त्याआधीच्या डॉक्टरांची पहिली नोंद दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलात दिसली तर बिचकू नका. तसंच गोवा विद्यापीठ सुरू झालं 1985 साली. गोमेकॉतून (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून) त्याआधी शिकून बाहेर पडलेल्यांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठ असणार. बेळगाव, मणिपाल किंवा कोल्हापूरला शिकून आलेल्यांची पहिली नोंद कर्नाटक किंवा महाराष्ट्राची असते. अशा वेळी गोव्यात काम करण्यासाठी इथल्या कौन्सिलची नोंद घेतली आहे का, एवढं विचारा.

खरी अडचण एमएसची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सर्जरीच्या पदवीची. ऑनलाइन रजिस्टरात बऱ्याच जणांचं फक्त एमबीबीएस दिसतं. कारण साधं आहे. एमएस किंवा डीएनबी ही ‘अतिरिक्त पात्रता’ म्हणून राज्याच्या कौन्सिलात वेगळा अर्ज करून नोंदवावी लागते, आणि ती पुढे राष्ट्रीय यादीत पोचायला वेळ लागतो. म्हणून तिथे एमएस न दिसणं हा खोटेपणाचा पुरावा नाही, पण दुर्लक्ष करायचीही गोष्ट नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कौन्सिलच्या कार्यालयात जाऊन विचारा, किंवा लेखी कळवा: अमुक क्रमांकाच्या डॉक्टरची कोणती अतिरिक्त पात्रता नोंद आहे, आणि नोंदणीचं नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच.

आता पाटीवरची अक्षरं. नुसतं ‘एमएस’ पुरेसं नाही. कान-नाक-घसा, डोळे आणि हाडं यांचेही एमएस असतात, त्यामुळे पुढे ‘जनरल सर्जरी’ हवंच. डीएनबी जनरल सर्जरी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी एमएसच्या बरोबरीची आहे, तिला कमी लेखू नका. एमसीएच ही एमएसच्या पुढची पायरी, युरोलॉजी, कॅन्सर सर्जरी, पोटाची सर्जरी अशा एकेका शाखेची. एमआरसीएस ही ब्रिटनमधली प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या टप्प्यातली परीक्षा. ती एकटीच असेल तर भारतातली एमएस कुठे आहे, हे विचारा.

एफआयएजीईएस, एफएमएएस ही अक्षरं दुर्बिणीच्या सर्जनांच्या संघटनांची. बहुतेक वेळा काही दिवसांचा कोर्स आणि परीक्षा यांतून ती मिळतात. एमएसवर ती असली तर चांगलंच, एमएसच्या जागी चालत नाहीत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची मिनिमल ॲक्सेस (दुर्बिणीच्या) सर्जरीची एफएनबी ही फेलोशिप मात्र दोन वर्षांची असते, ते वजनदार काम. आणि ‘लॅपरोस्कोपिक सर्जन’, ‘लेझर सर्जन’, ‘कन्सल्टंट’ यांतली एकही पदवी नाही. ही रंगाऱ्याने पाटीवर रंगवलेली अक्षरं.

‘एमएस (आयु.)’ वेगळं. हे आयुर्वेदातलं शल्यतंत्र. 2020 च्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) मिळून 58 प्रक्रियांची यादी केली आहे, आणि या डॉक्टरांची नोंद आयुर्वेदाच्या स्वतंत्र मंडळाकडे असते. भगंदरासाठी क्षारसूत्र (औषधी दोऱ्याचा उपचार) करून घ्यायचं असेल तर शल्यतंत्राच्या वैद्याकडे जाण्यात काहीच गैर नाही. फक्त कंस बारीक अक्षरात छापलेला असतो आणि आपण कोणाकडे आलो हे पेशंटला आत गेल्यावर कळतं, ते होऊ देऊ नका.

मोबाइलवर ‘लेझरने मूळव्याध, त्याच दिवशी घरी’ अशा जाहिराती येतात, त्यांत फोन उचलणारा कंपनीचा माणूस असतो, सर्जन नव्हे. आगाऊ रक्कम भरण्याआधी सर्जनचं नाव, क्रमांक आणि इस्पितळ लेखी मागा. नाव ‘नंतर कळवू’ असेल तर पैसेही नंतरच. शिवाय पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या मूळव्याधीला बहुतेकदा आहार, औषधं किंवा कोंबाला रबर बँड बांधणं पुरतं. आणि चाळिशी-पंचेचाळिशीनंतर शौचातून रक्त जात असेल तर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी हवी का, हे न विचारता थेट लेझरची तारीख देणाऱ्याकडून उठून यावं.

कागद जुळला की सर्जनसमोर बसून विचारायचं. हे ऑपरेशन वर्षाला साधारण किती करता? माझं तुम्ही स्वतः करणार का? पित्ताशयाचं दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून करावं लागलं तर त्याला अपयश म्हणू नका. सूज फार असेल आणि नळ्या ओळखता येत नसतील तर उघडणं हाच शहाणपणा. पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण साधारण 1000 मागे 3 ते 5 धरलं जातं, आणि अडचण दिसूनही रेटत राहण्याने ते वाढतं. ‘माझ्याकडे कधीच उघडावं लागत नाही’ हे ऐकून खूश होऊ नका. काढलेलं पित्ताशय बायॉप्सीला पाठवता का, हेही विचारा. खडे समजून काढलेल्या पित्ताशयात क्वचित कॅन्सर सापडतो.

भूल कोण देणार, हे फार थोडे लोक विचारतात. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यात वावगं नाही, पण ते एमडी, डीएनबी किंवा डीए ॲनेस्थेशिया आहेत का आणि आधी येऊन तपासणार का, हे कळायला हवं. रात्री इस्पितळात डॉक्टर कोण असतो? अचानक बिघडलं तर कुठे हलवणार? पेडणे किंवा काणकोणहून गोमेकॉला पोचायला लागणारा वेळ हृदयविकार असलेल्या वयस्कर माणसासाठी हिशेबात धरायला हवा. इस्पितळ क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली नोंदलेलं आहे का, हे प्रवेशाजवळच्या प्रमाणपत्रावर बघा. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन असेल तर चांगलं, पण तो इस्पितळाचा दर्जा झाला, सर्जनचा नव्हे.

गोमेकॉत सर्जन निवडायची मुभा नसते. तिथे युनिट पद्धत आहे: ज्या दिवशी ओपीडीला जाल त्या दिवसाच्या युनिटचे तुम्ही पेशंट, आणि पुढच्या भेटीही त्याच वारी. म्हणून ठरावीक सर्जन हवा असेल तर त्यांच्या युनिटचा वार आधी विचारून केस पेपर काढा. ऑपरेशन रेसिडेंट करतील, वरिष्ठ शेजारी असतील. शिकवणारं इस्पितळ असंच चालतं. म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही सर्जरी विभाग आहेत, साध्या हर्नियासाठी बांबोळीची गर्दी टाळता येते. खाजगीत दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्य सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं कार्ड चालवायचं असेल तर इस्पितळ पॅनेलवर असून भागत नाही, तुमची शस्त्रक्रियाही यादीत असावी लागते आणि पूर्वमंजुरी इस्पितळाने घ्यायची असते. कुटुंबात तीन किंवा कमी माणसं असतील तर अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख अशी योजनेची मर्यादा ठरलेली. मंजुरी हातात येण्याआधी दाखल झालात तर बिल खिशातून जाऊ शकतं.

संमतीपत्र कोरं सही करू नका. त्यावर ऑपरेशनचं नाव, बाजू (डावी की उजवी) आणि सर्जनचं नाव भरलेलं असावं. एका ऑपरेशनची संमती दुसऱ्याला लागू होत नाही, जीव वाचवण्याचा प्रसंग सोडून, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केलं आहे. घरी जाताना डिस्चार्ज कार्डवर प्रत्यक्षात काय केलं, ते बघून घ्या. हर्नियाला जाळी बसवली असेल तर तिच्या पाकिटावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवून मागा. नोंदींची प्रत लेखी मागितल्यावर 72 तासांत द्यावी लागते. फाइल सांभाळण्याचं बंधन डॉक्टरवर उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं आहे, तेव्हा प्रत आठवडाभरातच मागून घरी ठेवा.