असईची लढाई, ठाणे स्लो

टेबलावर जुन्या लढाया खेळायच्या तर छोटे शिपाई न्यायला डबा पत्र्याचा हवा, बिस्किटांचा जुना. शिपाई ज्यावर चिकटवलेले असतात त्या बेसखाली चुंबकाची शीट चिकटवली तरी स्टीलचे बरेचसे डबे ती धरत नाहीत, पत्रा मात्र घट्ट धरतो. असे तीन डबे घेऊन रविवारी ठाण्याहून स्लो पकडली. मेगाब्लॉकमुळे अर्धा तास हाताशी जास्त ठेवला होता, तो सगळा लागला. डबे मांडीवरच. रॅकवरून उतरवताना ते तिरके होतात, आणि १५ मिलिमीटरच्या शिपायाची संगीन वाकली की सरळ करताना तुटते.

दादर पूर्वेला हॉल. दोन टेबलं जोडून ६ बाय ४ फुटांचं मैदान झालं. नद्या निळ्या रेक्झिनच्या, कारण कागदी नद्या पावसाळ्यात कडेने वळतात. मॅट वार्निशचा स्प्रेही या दिवसांत मारू नये. दमट हवेत त्यावर पांढुरका थर येतो आणि इंग्रज शिपायांचे लाल कोट गुलाबी दिसू लागतात. ब्रशने लावायचं वार्निश बरं. एका भिडूने बेसवर चौपाटीची वाळू लावून आणली होती. धुतलेली नसेल तर त्या वाळूतलं मीठ ओल ओढतं आणि रंग पोपडे धरतो.

खेळ असईचा, मराठे आणि इंग्रजांच्या लढाईचा. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमान या जर्मनीतल्या हॅनोवरच्या माणसाच्या हाताखाली. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असणारच, हे इंग्रज सेनापती वेलस्लीने ताडलं. नकाशावर तो उतार आधीच काढून ठेवला तर निम्मा खेळ तिथेच मेला! आम्ही उताराच्या तीन चिठ्ठ्या उपड्या ठेवतो, एकच खरी. चुकीची उचलली की इंग्रजांचा एक टर्न वाया. एकूण टर्न १२, प्रत्येकी पाव तास.

खरी गंमत तोफांची. इंग्रजांची फळी अंगावरून पुढे गेली तेव्हा मराठ्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. मग उठून त्यांनी मागून तोफा डागल्या. बहुतेक तयार नियमांत तोफ घेतली की ती मेली, म्हणून असई बेचव होते. आमचा नियम असा: घेतलेल्या तोफेपाशी पायदळाचा एक बेस मागे ठेवला नाही, तर दर टर्नला एक फासा टाकायचा. ५ किंवा ६ पडला की तोफ पुन्हा मराठ्यांची. बेस ठेवावा तर पलटणीच्या चार बेसांतला एक गेला, पलटण पुढे लुळी पडते. इंग्रज खेळणाऱ्याला घाम फुटतो तो इथे.

घामाचं म्हणाल तर पंखा बंद करता येत नाही आणि चालू ठेवला तर डागलेल्या तोफेचा कापसाचा धूर उडून शेजारच्या टेबलावर जातो. कापूस लोखंडी वायसरला फेविकॉलने चिकटवा, जागचा हलत नाही. आणि बेस धरून उचला, डोक्याला धरून नको; ओल्या बोटांनी आधी पगडीचा रंग जातो.

दहाव्या टर्नला इंग्रजांकडच्या ७८ व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या पाठीमागच्या तोफेवर ६ पडला. पलटण मागे वळवावी लागली, जुई गाठायची राहिली आणि पंचाने सामना बरोबरीत सोडवला. आवरताना आधी फासे मोजले. एक टेबलाखाली सापडला.