भरदुपारी उतरलेली दीर्घिका

आज ऐन दुपारी पडदे ओढून मी रात्रीचं आकाश बघत बसलो होतो. इंटरनेटवरून चालवायला भाड्याने घेतलेली दुर्बीण पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, तिथे मध्यरात्र. दुर्बीण सप्तर्षीतल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर वळली आणि पाच मिनिटं प्रकाश साठवून टिपलेली पहिली फ्रेम उतरली. जवळजवळ काळीच. स्ट्रेच केल्यावर, म्हणजे अंधारातले फिकट तपशील उजळून घेतल्यावर मात्र एम 51 या सर्पिल दीर्घिकेच्या दोन्ही भुजा वळसा घालताना दिसल्या आणि मी खुर्चीतून उठलोच.

हा वळसा पहिल्यांदा 1845 मध्ये लॉर्ड रॉस यांना दिसला, आयर्लंडमधल्या त्यांच्या 72 इंची दुर्बिणीतून. डोळ्यांना दिसलं ते त्यांनी हाताने कागदावर उतरवलं. आपल्या आकाशगंगेबाहेर अशा दीर्घिका असतात, हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं. मला त्यांच्या त्या रात्रींचा हेवा वाटतो. मी तर त्या दुर्बिणीला कधी हातही लावलेला नाही. मग हा फोटो माझा कसा? गेले काही महिने हा प्रश्न मनातून जात नाही.

संध्याकाळी फ्रेम्स निवडताना तो जरा सैल झाला. ल्युमिनन्सच्या, म्हणजे रंग सोडून फक्त उजेड टिपणाऱ्या, 24 पैकी 7 फ्रेम्समध्ये विरळ ढग होते, ताऱ्यांभोवती धूसर वलयं. एकेक उघडून बघितली आणि काढून टाकली. जीवावर आलं, पस्तीस मिनिटांचा प्रकाश होता तो. उरलेल्या 17 स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली. सतरा फ्रेम्सच्या सरासरीत नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि तेवढ्यानेच शेजारच्या एनजीसी 5195 या छोट्या दीर्घिकेभोवतीचा फिकट पसारा वर आला. दोन दीर्घिकांच्या ओढाताणीत बाहेर फेकले गेलेले तारे आहेत ते. सुट्या फ्रेममध्ये त्यांचा मागमूस नव्हता. तो पसारा आणखी उजळायचा मोह झाला, पण मग गाभा जळून पांढराफटक होतो आणि आतल्या धुळीच्या काळ्या रेघा जातात. मी रेघा राखल्या.

मग नेहमीप्रमाणे गेल्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला. याच दीर्घिकेत 1994, 2005 आणि 2011 मध्ये अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन अचानक उजळलेले तारे, दिसले होते. अर्धा तास एकेक ठिपका ताडून पाहिला. नवा एकही नाही.

एच-अल्फाच्या, म्हणजे हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा टिपणाऱ्या, फ्रेम्स राहिल्यात. भुजांवर जिथे तारे जन्मतायत, ते लालसर ठिपके त्याशिवाय नीट उमटायचे नाहीत. उद्याचे दोन तास राखून ठेवलेत.