६१२ युनिटांच्या बिलानंतरचं वर्ष

मे महिन्याचं बिल जूनमध्ये आलं आणि त्यावर ६१२ युनिट छापलेले होते. नागपूरच्या उन्हाळ्यात बिल फुगणार हे आम्हाला काही नवीन नाही, पण पाचशेच्या वर आम्ही पहिल्यांदाच गेलो होतो. घरात पाच माणसं: मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. वर उघडा स्लॅब, त्यामुळे वैशाखात रात्री अकरालासुद्धा छताला हात लावला तर तवा लागतो.

बिल हातात घेऊन नवरा म्हणाला, तीनशे ओलांडले की सगळेच युनिट महाग लागतात, आता काय उपयोग. तसं नसतं. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, पण वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे आमचे शेवटचे ११२ युनिट सगळ्यात महाग, आणि त्यावर पुन्हा १६ टक्के वीज शुल्क. याचा अर्थ मी असा काढला की जे काही वाचेल ते आधी महागातलंच वाचेल. त्या हिशेबाने मला जरा हुरूप आला.

आमच्याकडे वीज वाचवणं म्हणजे सासूबाईंचं एक वाक्य. "लाइट कायले चालू ठेवला वं?" माझं लग्न झाल्यापासून ऐकते आहे. मी एकदा बसून गुणाकार केला. नऊ वॅटचा एलईडी बल्ब एक युनिट खायला १११ तास घेतो. एसी तेच एक युनिट तासाभराच्या आत संपवतो. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं भांडत होतो ते बल्बवरून, आणि चोर दुसरीकडेच होता.

मग एक जुनी डायरी घेतली आणि रोज रात्री दहाला जिन्याखालच्या मीटरचं रीडिंग लिहायला लागले. आठवडाभरात एवढंच कळलं की आम्ही रोज किती वापरतो, कुठे वापरतो ते नाही. शेवटी एका रविवारी घरातलं झाडून सगळं बंद केलं. फ्रिजचा प्लग काढला, सेट टॉप बॉक्सचा काढला, पंखे बंद. मुलं घामाघूम. मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो, तो वीज वापरली की लुकलुकतो. आमच्या मीटरवर लिहिलंय की ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. सगळं बंद असताना तो दिवा लुकलुकायलाच नको होता. पण मिनिटाला तीनदा लुकलुकत होता.

मिनिटाला तीन म्हणजे तासाला १८०, म्हणजे साधारण ५६ वॅट. महिन्याला चाळीस युनिट, आणि ते कुठे जातात कोणाला पत्ता नाही! इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आला, इन्व्हर्टरची वायर काढली आणि दिवा थांबला. बॅटरी सात वर्षांची होती. "ताई, ही आता भरतच नाही, म्हणून चोवीस तास चार्ज होऊन राहिली," तो म्हणाला. बॅटरीत पाणी घालायचं असतं हेही आम्ही दोन वर्षांपासून विसरलो होतो. नवी बॅटरी महाग पडली, पण ती एवीतेवी घ्यायचीच होती. लाइट गेली की दहा मिनिटांत इन्व्हर्टर बोंबलायचा.

दुसरा शोध मुलाने लावला. मोटर दिवसातून दोनदा का लावावी लागते, असं त्याने विचारलं. एका टाकीत आमचं आरामात भागायला हवं. वरच्या संडासाची फ्लशची टाकी आतल्या आत गळत होती, धार एवढी बारीक की आवाजसुद्धा नाही. टाकीत थोडी हळद टाकली आणि अर्ध्या तासात भांड्यात पिवळं पाणी. एक वायसर बदलला. पाण्याची गळती ही विजेचीही गळती असते, हे एक हॉर्सपॉवरच्या मोटरवाल्या घरात तरी लक्षात ठेवावं.

पावसाळ्यात कूलर आत गेला आणि पंख्यांचा नंबर लागला. आमचे जुने पंखे ७५ वॅटचे. बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, पूर्ण वेगात तीसेक वॅट घेतो. ज्या खोलीत पंखा सोळा तास चालतो तिथे महिन्याला वीस-एकवीस युनिट वाचतात; पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काही हाती लागत नाही, म्हणून तो तसाच ठेवला. तीन पंखे घेतले. पहिल्याच दिवशी एक पंखा घुमायला लागला, मग बंदच पडला. आम्ही तो जुन्या रेग्युलेटरवरच जोडला होता. या पंख्यांना रेग्युलेटर चालत नाही, वेग रिमोटवर असतो. सासूबाईंना ते रिमोट प्रकरण मुळीच पटलं नाही. रात्री थंडी वाजली की उशाखाली, पलंगाखाली शोधाशोध. शेवटी त्यांनीच परकराच्या नाडीचा तुकडा घेऊन रिमोट पलंगाच्या दांड्याला बांधून टाकला. अजून तिथेच आहे.

मध्येच नवऱ्याने एका प्रदर्शनातून एक डबडं आणलं. सॉकेटमध्ये लावा, बिल तीस टक्के कमी, हिरवा दिवा लागतो. मी पंधरा दिवस लावून आणि पंधरा दिवस काढून रीडिंग घेतलं. काहीही फरक नाही. आत एक कपॅसिटर असतो म्हणे, आणि घरगुती बिल युनिटांवर येतं, त्यात कपॅसिटरने काय फरक पडणार. तो हिरवा दिवा मात्र वीज खातो!

ऑगस्टमध्ये चार दिवस पुण्याला लग्नाला गेलो. जाताना फ्रिज आणि इन्व्हर्टर सोडून सगळं बंद केलं आणि रीडिंग लिहिलं. परत आलो तर १५ युनिट चढलेले. म्हणजे रिकाम्या घरात, दार एकदाही न उघडता, फ्रिज रोज तीन युनिटांहून जास्त खात होता. नोट दारात धरून दार लावलं आणि ओढली, तर सरकन बाहेर आली. रबर सैल झालेलं. रबर बदलून घेतलं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ काढली. दिवाळीत पुन्हा चार दिवस गेलो तेव्हा ११ युनिट. अर्थात तेव्हा हवा गार होती, हेही त्यात आहेच.

थंडीत आमच्याकडे गिझरची गंमत असते. पहाटे पाचला लावायचा आणि शेवटची आंघोळ होईपर्यंत, म्हणजे साडेनऊपर्यंत, चालूच. "तो आपोआप बंद होते," हे सासूबाईंचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. पण मधे पाणी निवतं की तो पुन्हा लागतो. आता पंचवीस मिनिटं आधी लावतो आणि आंघोळी एकापाठोपाठ उरकतो. फुल तापवून नळाला गार पाणी मिसळत बसण्यापेक्षा अंगाला सोसेल एवढंच तापवलेलं बरं. यात सगळ्यात अवघड काम विजेचं नव्हतं. मुलीला साडेसहाला उठवणं हे होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी, होळीच्या आधी, छतावर चुना मारला. कळीचा चुना रात्रभर भिजवला, गाळून घेतला, थोडा पांढरा सिमेंट आणि डिंक घातला, दोन हात दिले. मजूर एक, आम्ही दोघं, अर्धा दिवस. एप्रिलच्या दुपारी अनवाणी छतावर गेले आणि उभी राहू शकले. शेजाऱ्यांच्या काळ्या स्लॅबवर पाऊल ठेवून बघितलं, लगेच परत उडी मारली. पहिल्या पावसात बराच चुना धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागणार.

कूलरच्या बाबतीत आम्ही मूर्खच होतो. दारं-खिडक्या लावून कूलर चालवायचो, एसीसारखं. मग दोन तासांत खोली दमट, चादरी चिकट, आणि वैतागून एसी लावायचा. कूलरची हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी चार बोटं उघडली आणि वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, तर नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागेपर्यंत दुपारचा एसी लागलाच नाही. कूलर दोनशे वॅटच्या आतबाहेर खातो, दीड टनी एसी दीड हजाराच्या आसपास. आपल्या कोरड्या विदर्भात ही चैन आहे. मुंबईच्या माझ्या बहिणीला हे सांगून उपयोग नाही, तिथे कूलरने भिंतींना बुरशी येईल.

एसी रात्रीपुरता, २६ वर, सोबत पंखा. मुलं १८ वर लावायची, लवकर गार होते म्हणून. तशी लवकर होत नाही, नुसता थांबत नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी मुळातच २४ वर सुरू होतात, पण आमचा त्याच्या आधीचा आहे. म्हणून रिमोट आमच्या खोलीत.

या मे महिन्याचं बिल ४१८ युनिटांचं आलं. त्यात तापमानाचा किती वाटा आणि आमचा किती, ते वेगळं काढता येत नाही. यंदा मेमध्ये मधेच दोन वळीव झाले. पण जानेवारी, ऑगस्ट, सगळेच महिने बिलावरच्या आलेखात गेल्या वर्षीपेक्षा बुटके दिसताहेत.

आता राहिला फ्रिज. पंधरा वर्षांचा आहे. नवा घेतला तर दिवसाला एखादं युनिट लागेल, असं त्यावरच्या लेबलांवरून दिसतं. मी दोनदा दुकानात जाऊन आले. सासूबाई म्हणतात, "कॉम्प्रेसर धडधाकट आहे त्याचा, कायले फेकतं?" नवरा त्यांच्या बाजूने. डायरी माझ्या बाजूने. दसऱ्यापर्यंत बघू.