कट साइजचा माल

राम मारुती रोडवरचं चपला-बुटांचं एक दुकान बंद होणार होतं. अखेरचा स्टॉक मोजायला आम्ही दोघं गेलो होतो. वहीत साधारण नऊ लाखांचा माल दिसत होता. संध्याकाळपर्यंत त्यातला धड विकण्याजोगा निम्माही निघाला नाही. चोरी झालेली नव्हती, वह्याही चोख होत्या. असं का होतं ते मांडतो, कारण नौपाड्यापासून वाशीपर्यंत हेच चित्र आता वारंवार दिसतं.

बुटांचा स्टॉक नुसती खोकी मोजून होत नाही, प्रत्येक खोकं उघडावं लागतं. एक पाय शोकेसमध्ये असतो, दुसरा खोक्यात. शोकेसमधला उन्हाने फिका पडतो आणि जोड जुळत नाही. एक पाय आठचा, दुसरा नऊचा असे गफलतीने एकत्र गेलेले जोडही सापडतात. एकाने मॉडेल, रंग, नंबर पुकारायचा, दुसऱ्याने लिहायचं आणि मोजलेल्या खोक्यावर खडूची रेघ मारायची.

माळ्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे बूट होते. टाचेच्या कडेवर अंगठा दाबला की सोलचा भुगा हातात यायचा. पॉलियुरेथेन हवेतला ओलावा धरतं आणि त्याने ते आतून तुटत जातं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, बंद खोक्यात, ही झीज अधिक वेगाने होते. न वापरलेला बूट टिकतो हा समज इथे उपयोगाचा नाही. सिलिका जेलची पुडी ओलावा पिऊन एकदा भरली की काम करत नाही. रबर आणि पीव्हीसीच्या सोलचा असा भुगा होत नाही.

तरी सगळ्यात मोठा घाटा कट साइजचा, म्हणजे सेट फुटल्यावर उरलेल्या कडेच्या नंबरांचा. एक मॉडेल, ६ ते १० नंबर, तीन रंग म्हणजे कमीत कमी पंधरा जोड. ७, ८, ९ आधी जातात, ६ आणि १० राहतात. डिस्ट्रिब्युटर सुटा आठ नंबर देत नाही, पुन्हा पूर्ण सेट घ्यावा लागतो आणि कडेचे नंबर आणखी साचतात. ऑनलाइन विक्रेता तोच सेट भिवंडीच्या एका गोदामात ठेवून अख्खी मुंबई आणि ठाणं भागवतो, त्याच्या दहा नंबरला कुठे ना कुठे गिऱ्हाईक मिळतंच. गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला मात्र आपला सेट वेगळा भरावा लागतो. त्यात दुकानात माप बघून फोनवर मागवणारं गिऱ्हाईक बहुतेक ७, ८, ९ चंच असतं. सेटमधला पैसा मोकळा करणारी विक्री तीच, आणि नेमकी तीच जाते. म्हणून ‘ऑनलाइनवाले भाव पाडतात’ हे नेहमी ऐकू येणारं कारण मला अर्धंच वाटतं. पाय बघून ‘यात नऊ नको, रुंद पंजाचा आठ बसेल’ असं सांगणाऱ्या सेल्समनची मेहनत फुकट वापरली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मोजणी संपल्यावर मालक म्हणाले, “आता जीएसटी नंबर सरेंडर करून टाका, उरलेलं घरून विकतो.”

“काका, आधी माल काढू, मग नंबर,” आम्ही म्हटलं.

हिशेब असा. १,२०० रुपयांचा जोड १८ टक्के कर भरून घेतला, तेव्हा २१६ रुपयांचं क्रेडिट मिळालं, म्हणजे तेवढी रक्कम विक्रीवरच्या करातून वळती करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के कर आहे. तोच जोड ९०० ला काढला तर कर ४५ रुपये. पण तो शिल्लक असताना नोंदणी रद्द केली, तर जीएसटी कायद्याच्या कलम २९(५) प्रमाणे घेतलेलं क्रेडिट किंवा विक्रीवरचा कर, यांतलं जे जास्त ते भरावं लागतं, म्हणजे २१६. भुगा झालेला माल राइट-ऑफ केला, म्हणजे हिशेबातून काढून टाकला, की त्याचंही क्रेडिट परत करायचं असतं, तिथे सुटका नाही.

गाळ्याच्या करारात दोन महिन्यांची नोटीस होती, तेवढ्यात माल संपणार नव्हता. म्हणून कळव्यात एक स्वस्त खोली घेऊन जीएसटीत जागेचा बदल नोंदवला. त्याला बदलापासून १५ दिवसांची मुदत असते. महागडे ६ आणि १० नंबर ऑनलाइन टाकले. मार्केटप्लेस विक्रीच्या रकमेतून ०.५ टक्का टीसीएस (आधीच गोळा केलेला कर) कापते, तो आपल्या जीएसटी खात्यात जमा होतो. खरा मार बसतो तो परतीच्या भाड्याचा. स्वस्त चप्पल एकदा परत आली की त्या विक्रीत काही उरत नाही, म्हणून त्या लॉटमध्येच, एकगठ्ठा, दिल्या.

माल संपत आला की नोंदणी रद्द करण्यासाठी आरईजी-१६ हा अर्ज करायचा. नोंदणी रद्द झाल्याची तारीख किंवा आदेशाची तारीख, यांतली जी नंतरची, तिच्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अखेरचं विवरणपत्र भरायचं, नाहीतर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागतं. जुनी बिलं सापडली नाहीत तर क्रेडिट बाजारभावावरून काढायचं आणि सीएचा दाखला जोडायचा. दुकान आवरताना वह्या आणि बिलं रद्दीत घालू नयेत. त्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून पुढे ७२ महिने ती ठेवावी लागतात.