शून्य कुठून धरलं?

वजनकाटे तपासून प्रमाणित करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मोजणारं कुठलंही यंत्र हातात आलं की आकडा नंतर, आधी मी त्याचं शून्य बघतो. भाच्यानं गाडीचा पिकअप आणि ब्रेकिंग मोजायचं मीटर आणलं तेव्हाही तेच झालं. तो म्हणाला, "मामा, डॅशबोर्डवर ठेवायचं, गाडी पळवायची, आकडा वाचायचा. यात तपासायचं काय?"

तपासायचं बरंच आहे.

या मीटरच्या मुख्य जाती दोन. जुन्या जातीत अ‍ॅक्सिलरोमीटर असतो. गाडी पुढे झेपावली की सेन्सरला तो जोर जाणवतो. त्याची क्षणाक्षणाला बेरीज करत गेलं की वेग मिळतो, आणि वेगाची पुन्हा तशीच बेरीज केली की अंतर. गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही आणि हे मीटर बोगद्यातही चालतं. पण सुरुवातीच्या शून्यात किंचित जरी फरक राहिला तरी तोही प्रत्येक क्षणी बेरजेत जातो. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून मीटर आधी शून्यावर आणायचं असतं. ही पायरी लोक सर्रास गाळतात.

बरं, शून्य नीट धरलं तरी पुढे गाडी ते हलवते. पाय दाबला की गाडी मागच्या बाजूला बसते आणि नाक उचलतं. मीटरही तितकंच मागे कलतं, आणि गुरुत्वाकर्षणाचा थोडा वाटा पिकअप म्हणून नोंदला जातो. नाक फक्त १ अंश वर गेलं तरी ०.०१७ जी फुकटचा मिळतो (१ जी म्हणजे मोकळी सोडलेली वस्तू ज्या दरानं वेग घेत खाली पडते तो दर). छोटा वाटतो ना? शून्य ते १०० किलोमीटर वेग गाठायला १० सेकंद घेणाऱ्या गाडीचा सरासरी पिकअपच ०.२८ जी असतो. तेवढ्या कलानं १० सेकंदांत मीटरवर ताशी ६ किलोमीटर जास्तीचे जमा होतात, आणि १० सेकंदांची गाडी साडेनऊच्याही आत येते. ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, तेव्हाही चूक गाडीच्याच बाजूनं पडते. दुकानदाराच्या बाजूनं झुकणारा काटा मी लगेच ओळखतो, हा तसलाच. चांगल्या मीटरमध्ये या कलण्याची वजावट करतात, पण प्रत्येक गाडीचं सस्पेन्शन निराळं, तेव्हा ती अंदाजानंच.

भाच्याचं मीटर नव्या जातीचं, जीपीएसवालं. ते उपग्रहांच्या सिग्नलमधल्या डॉप्लर फरकावरून, म्हणजे गाडीच्या हालचालीमुळे सिग्नलची वारंवारता किती बदलली त्यावरून, थेट वेग काढतं. गाडी कललेली आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते सेकंदाला १० वेळा वेग नोंदवतं. फोनमधला जीपीएस साधारणपणे सेकंदातून एकदाच नोंदवतो, आणि ताशी १०० च्या वेगात तेवढ्यात गाडी जवळजवळ २८ मीटर गेलेली असते. फोनचं अ‍ॅप या कामाला का चालत नाही, ते यावरून कळावं. आणि गाडीच्या स्पीडोमीटरवर तर विसंबूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमावलीनुसार स्पीडोमीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त मात्र एक दशांश अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतो. काट्यावर १०० दिसले म्हणजे गाडी १०० ला पोचली असं नाही.

जीपीएसला उतार मात्र फसवतो. म्हणजे वेग खराच असतो, पण त्यातला थोडा इंजिनाचा नसून उताराचा असतो. १ टक्का उतार डोळ्यांना दिसतही नाही, तरी तो १० सेकंदांत ताशी साडेतीन किलोमीटर हातात ठेवतो. म्हणून आम्ही बंद, मोकळ्या धावपट्टीवर रीतसर परवानगी काढून गेलो आणि प्रत्येक मोजणी जाऊन-येऊन, दोन्ही दिशांनी केली. वाऱ्याचा हिशोबही त्यातच बराचसा मिटतो. सार्वजनिक रस्त्यावर हे करणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही.

मग रोलआउटवरून आमचं वाजलं. ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या शर्यतीत, गाडी साधारण एक फूट पुढे सरकल्यावरच घड्याळ चालू होतं, आणि अमेरिकेतल्या मोटारींच्या मासिकांनी तीच रीत उचलली. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडचा शून्य ते ताशी ६० मैलांचा १.९९ सेकंदांचा आकडाही असा रोलआउट वजा करूनच दिलेला आहे. भाच्याच्या मीटरमध्येही ती सोय आहे, आणि त्यानं ती चालू ठेवली होती. आता ०.३ जी नं निघणाऱ्या आमच्या गाडीला पहिला फूट ओलांडायला साडेचार दशांश सेकंद लागतात आणि तोवर ती ताशी पाचाच्या आसपास पोचलेली असते. म्हणजे मोजणी सुरूच होते पाचपासून, आणि नाव शून्याचं! जोरकस गाडीला ही सूट कमी मिळते, मंद गाडीला जास्त. "सगळे तसंच मोजतात," भाचा म्हणाला. मी सेटिंग बंद केलं. त्यानं नंतर ते पुन्हा चालू केलं असणार.

मीटर इंजिनाची ताकदही काढून देतं: वस्तुमान गुणिले पिकअप गुणिले वेग. १२०० किलोची गाडी ताशी ८० ला सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद या दरानं वेग वाढवत असेल तर सुमारे ५३ किलोवॅट, म्हणजे ७२ हॉर्सपॉवर, आणि तेही हवेचा अडथळा आणि टायरचं घर्षण पेलून उरलेले. इथे लोक माहितीपत्रकातलं वजन भरतात. अरे, त्यात तुम्ही कुठे आहात? शेजारी बसलेला? डिकीतलं सामान? वजनात ५ टक्के चूक की ताकदीतही ५ टक्के. सरळ वे-ब्रिजवर, म्हणजे अख्ख्या गाडीचं वजन करणाऱ्या काट्यावर, गाडी घाला.

मला स्वतःला ओढ होती ब्रेकची. इथे क्लच कसा सोडला, गिअर कधी टाकला हे प्रश्नच नसतात. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पाय पूर्ण ताकदीनं दाबायचा आणि पॅडल थरथरलं तरी सोडायचा नाही. आम्ही १०० च्या थोडं वर नेऊन ब्रेक मारायचो, आणि १०० ची रेघ ओलांडताच मीटर अंतर मोजायला लागायचं. त्यामुळे पाय हळू पडला तरी आकडा बिघडत नाही. हाताने मोजायचं झालं तर लक्षात ठेवा, अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १०० ऐवजी १०३ वर ब्रेक लागला तर ६ टक्के लांब.

जुन्या, कडक झालेल्या टायरवर गाडी ४५ मीटरच्या आसपास थांबत होती. टायर बदलले, हवा भरली, तीच धावपट्टी, तोच चालक: ४१. चार मीटर म्हणजे एका गाडीची लांबी, असं भाचा म्हणाला. मी कागदावर मांडून दाखवलं. नव्या टायरची गाडी जिथे पूर्ण थांबते तिथे जुन्या टायरची गाडी अजून ताशी ३० नं चाललेली असते. वर, पायाला ब्रेकपर्यंत जायला लागणारा वेळ या आकड्यात धरलेलाच नाही. तो एक सेकंद धरला तर आणखी २८ मीटर.

हे लागोपाठ करू नये. १२०० किलोची गाडी १०० वरून थांबवताना सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा निघते आणि तिची बहुतेक उष्णता डिस्कमध्येच जाते. प्रत्येक मोजणीनंतर गाडी सावकाश फिरवून वारा लागू द्यायचा. भाच्याला तो वेळ फुकट वाटत होता. त्या वेळात त्यानं मित्रांना स्क्रीनशॉट पाठवले, सगळे पिकअपचे. ४१ मीटरचा एकही नव्हता.